वैनीच्या जंतूंचे केस

वैनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होते. माझ्या दोन वेण्या घालायचं काम तिनं आल्या आल्याच आईकडून आपल्याकडे घेतलं, आणि त्या वेण्या घालता घालताच आमची मैत्री झाली. मी तिला वैनी म्हणायचे, पण बोलायचे मात्र 'तू' करून. अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यापासून थोडं आत आमचं गाव. काळ्या मातीचं वावर, त्यात पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर, विहिरीच्या पाण्यावर थोडा भुईमूग. दादा बियाणं, फवारणी, बाजार बघायचा. मजूर बायांना बोलावणं, त्यांना घेऊन निंदणं, वेचणं हे सगळं वैनीकडे होतं. ती पुढच्या तासाला, म्हणजे ओळीला, लागली की बाकीच्या बाया आपोआप तिच्या मागं चालायच्या.

या धडधाकट बाईला एकच दुखणं होतं. तिला वरचेवर उन्हाळी लागायची. लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं, ओटीपोटात कळ. आई तिला धने भिजवून त्याचं पाणी द्यायची, शेजारच्या काकू सब्जा आणून द्यायच्या. फारच झालं तर गावातल्या दवाखान्यातून गोळ्या यायच्या. दोन दिवस गोळ्या घेतल्या की जळजळ थांबायची, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी फडताळात जायच्या. अंगात उष्णता फार आहे, असं घरात सगळ्यांचं मत होतं. वैनीचंही.

मी अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं आणि निंदणाचे दिवस होते. एका दुपारी दादाचा फोन आला. वैनीला हुडहुडी भरून ताप आला होता, पाठीत उजव्या बाजूला हात लावू देत नव्हती, आणि तो तिला घेऊन अकोल्याला निघाला होता. मी मिळेल त्या बसनं अकोला गाठलं.

दवाखान्यात वैनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. सलाईन चालू होतं. डॉक्टरांनी सांगितलं की लघवीच्या मार्गातला संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत पोचला आहे, लघवी तपासणीला पाठवली आहे, कोणता जंतू आहे आणि कोणत्या औषधाला दबतो ते कळलं की औषध पक्कं करू. मग त्यांनी वैनीला विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

वैनीनं पांघरूण वर ओढून घेतलं. डॉक्टर गेले, दादा औषधं आणायला खाली गेला, तेव्हा मी तिच्याजवळ बसून तेच पुन्हा विचारलं.

"पेतच नाई," ती म्हणाली. "सकाळी चहा पेते. मंग पानी घरी आल्यावर."

"दिवसभर वावरात अन् पानी नाई? काहून?"

"काहून म्हंजे? पानी पेलं का जा लागते. कुठी जाऊ? पऱ्हाटी गुडघ्याएवढी बी नाई झाली अजून. इकडून रस्ता, तिकडून गडी मानसं. साऱ्या बाया तशाच करते. घरून जाऊन यायचं, मंग घरी येईलोक दाबून ठेवायचं."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून." जणू स्वयंपाकाला किती वाजता लागते ते सांगावं, तितक्या सहज ती बोलली.

मी त्याच वावरात खेळले होते. सुट्टीत वेचायलाही जायचे, पण तास-दोन तासांनी कंटाळून घरी पळायचे. दिवसभर तिथं राहणाऱ्या बाईला काय करावं लागत असेल, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

तपासणीत ई. कोलाय नावाचा जंतू निघाला. आपल्या आतड्यात तो एरवी निमूट राहतो; चुकीच्या जागी गेला की त्रास देतो. वैनीचा ताप उतरला, घरी सोडायची तारीख ठरली, आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट घर करून बसली. हा जंतू पुन्हा पुन्हा परत कसा येतो? लघवीबरोबर तो वाहून का जात नाही? पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. या जंतूच्या अंगावर केसांसारखे अतिशय बारीक धागे असतात. त्यांना फिम्ब्री म्हणतात. धाग्याच्या टोकाशी एक पकड असते, आणि ती पकड मूत्राशयाच्या पेशींवरच्या मॅनोज नावाच्या साखरेला घट्ट धरते. धरलं की वरून धार गेली तरी जंतू हलत नाही. परीक्षेत यावर मी चांगले मार्क मिळवले होते. वैनीशी त्याचा संबंध मात्र मी आत्ता जोडत होते.

अमरावतीला परतल्यावर मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना म्हटलं की माझा प्रकल्प याच्यावर करते, आणि वैनीच्याच जंतूवर करते. मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी विचारलं, "वहिनींना विचारलंस?"

मी फोन लावला. वैनी म्हणाली, "मले काय करायचं थ्या जंतूचं? तुले पायजे तं ठेवून घे."

मॅडमनी दवाखान्याच्या लॅबशी बोलून परवानगी घेतली आणि मी झाकणबंद प्लेटमधून वैनीचा जंतू अमरावतीला आणला.

हे केस साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. त्याला फार मोठं यंत्र लागतं आणि ते आमच्याकडे नव्हतं. पण ते आहेत की नाहीत हे ओळखायची एक साधी रीत आहे. पावात घालतात ते यीस्ट घ्यायचं, कारण यीस्टच्या अंगावरही तीच मॅनोज साखर असते. काचेच्या पट्टीवर यीस्टच्या पाण्याचा एक थेंब, जंतूंच्या पाण्याचा एक थेंब, दोन्ही मिसळून पट्टी हळूहळू डोलवायची. जंतूंना केस असतील तर ते यीस्टला धरतात, एकमेकांत गुंतवतात, आणि थेंब फाटलेल्या दुधासारखा दाणेदार होतो. नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

माझा थेंब फाटेना. मी जंतू घट्ट जेलीच्या प्लेटवर वाढवत होते, खरवडून पाण्यात कालवत होते, आणि पट्टी डोलवत बसत होते. थेंब गढूळ तो गढूळच. यीस्ट बदललं, पाणी बदललं, पट्ट्या उकळून घेतल्या. श्रावण संपत आला तरी काही नाही. बरोबरीच्या मुलींचे निकाल यायला लागले होते. एक दिवस मॅडम माझ्या टेबलापाशी येऊन थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "विषय बदलायचा असेल तर अजून वेळ आहे. पोळा होऊन जाऊ दे, मग ठरवू."

त्याच दिवशी जेलीच्या प्लेटा संपल्या होत्या. नव्या ओतायला वेळ नव्हता, म्हणून मी वैनीचा जंतू थोड्या परीक्षानळ्यांमध्ये पातळ रसात घातला. लॅबमध्ये त्याला ब्रॉथ म्हणतात. नळ्या उबेच्या कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी वापरू, असा विचार होता. पण दादाचा फोन आला की पोळ्याला तू नसलीस तर आई जेवायची नाही, आणि मी नळ्या तशाच सोडून गावी गेले.

घरी आता एकच बैलजोडी उरली होती, पण थाट तोच. वैनीनं पुरणपोळी केली, बैलांना ओवाळलं, नैवेद्य खाऊ घातला. ओवाळताना तिनं मधेच ताट आईच्या हातात दिलं आणि आत निघून गेली. मी मागं गेले.

"पुन्हा लागलं व," ती हळूच म्हणाली. "सांगजो नको कोनाले. सण हाये."

मी कोणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी निघताना दादाला म्हटलं की हिला येत्या आठवड्यात अमरावतीला घेऊन ये, मॅडमच्या ओळखीच्या लेडी डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू. दादानं कारण विचारलं नाही. वैनीचा चेहरा त्यानंही बघितला होता.

लॅबमध्ये परत आले तेव्हा विषय बदलायची मनाची तयारी झालेली होती. उबेच्या कपाटातून नळ्या बाहेर काढल्या, त्या फक्त धुऊन ठेवायला. त्यातली एक उजेडात धरली आणि थबकले. रसावर, अगदी वरच्या कडेला, पातळ साय धरली होती. नळी जरा तिरपी केली तरी ती साय न फुटता एकसंध हलत होती. सगळ्याच नळ्यांवर तसं होतं. प्लेटवर वाढवलेल्या जंतूंनी असं कधी केलं नव्हतं.

एकमेकांना धरल्याशिवाय साय कशी होईल? हा विचार आला आणि नळ्या धुवायचं मी सोडून दिलं. हातमोजे चढवले, सायीतलं थोडं उचलून पाण्यात कालवलं, पट्टीवर थेंब ठेवला, शेजारी यीस्टचा थेंब ठेवला, मिसळलं आणि डोलवायला सुरुवात केली. पट्टीची एक-दोन वळणं झाली असतील. थेंबाच्या कडेला रवा दिसायला लागला. मग मधे. मग सगळा थेंब फाटला. पांढरे दाणे आणि मधे स्वच्छ पाणी.

मी मॅडमना हाक मारली नाही. पट्टी हातात धरून त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पट्टी खिडकीशी धरली, आणि विचारलं, "काय वेगळं केलंस?"

"काहीच नाही मॅडम. रसात घातले आणि पोळ्याला गेले."

मॅडम हसल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. "प्लेटवर याला केस काढायची गरज वाटत नाही," त्या म्हणाल्या. "न हलवलेल्या रसात दोन-तीन दिवस ठेवलं की वरच्या हवेपाशी टिकून राहायला केसवालेच पुढे जातात. हे वाचलेलं होतं मी, पण तुझ्या टेबलापाशी उभं राहून आठवलं नाही. आता साखर टाकून बघ."

ती शेवटची खात्री होती. मॅनोजची साखर पाण्यात विरघळवून थेंबात घातली. जंतूंच्या पकडी त्या सुट्या साखरेनं भरल्या, यीस्टला धरायला रिकामी पकडच उरली नाही, आणि थेंब शेवटपर्यंत फाटला नाही. साधी, उसाची साखर घातली तर मात्र फाटला. मी हे त्या दिवशी पुन्हा पुन्हा करून बघितलं. दर वेळी तसंच. संध्याकाळी खोलीवर जाताना रस्त्यात एकटीच हसत होते, आणि समोरून येणारी माणसं वळून बघत होती, त्याचीही मला लाज वाटली नाही.

ठरल्याप्रमाणे दादा वैनीला घेऊन आला. लेडी डॉक्टरांनी नीट तपासलं, पुन्हा लघवी तपासणीला दिली, औषध लिहिलं आणि बजावलं की बरं वाटलं तरी शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायचं. मग मॅडमच्या परवानगीनं मी दोघांना लॅबमध्ये नेलं.

वैनी दारात चप्पल काढायला लागली. मी म्हटलं इथं चप्पल घालूनच यायचं असतं. तिला काचेपासून जरा लांब उभं केलं आणि तिच्यादेखत दोन थेंब मिसळले. थेंब फाटला.

"हे काय झालं?" तिनं विचारलं.

"हे तुझ्या अंगातले जंतू. त्याले केसं हायेत, वैनी. पानी वाहून गेलं तरी हे धरून बसते."

ती वाकून बघत राहिली. "म्हंजे उष्णता नाई?"

"नाई."

"इतकी वर्षं धन्याचं पानी पेलं मी." ती जरा रागावलीच होती, पण कोणावर ते तिलाही कळत नव्हतं. मग म्हणाली, "गोखरू चिटकते लुगड्याले, तसं?"

"तसंच."

मी साखरेचा थेंबही दाखवला. तो न फाटलेला बघून ती लगेच म्हणाली, "मंग थे साखरच दे न मले."

मॅडम मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काचेवर जे होतं ते पोटात तसंच होईल असं नाही. साखरेवर भरवसा ठेवू नका. औषध पूर्ण घ्या, पाणी भरपूर प्या, आणि थांबवून धरू नका. साचून राहिलं की जंतूंना वाढायला आणि चिकटायला वेळ मिळतो. धार जितकी जास्त वेळा जाईल, तितके चिकटण्याआधीच वाहून जातील."

वैनीनं दादाकडे बघितलं. दादा इतका वेळ हाताची घडी घालून उभा होता. तो म्हणाला, "थांबवून काहून धरते तू?"

"वावरात कुठी जाऊ मी?"

"मले कधी बोलली नाई."

"तुमाले काय सांगू? तुमाले धुरा पुरते."

मॅडम हलकेच बाजूच्या खोलीत गेल्या. दादा वावराच्या बांधाला धुरा म्हणतच लहानाचा मोठा झालेला माणूस. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की तो त्या क्षणी आमचं सगळं वावर डोळ्यांपुढे आणतो आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि एका बाईला बसायला त्यात कुठंच जागा नाही हे त्याला पहिल्यांदा दिसतं आहे. बसमध्ये तो खिडकीबाहेरची वावरं बघत बसला होता, असं वैनीनं नंतर सांगितलं.

पुढच्या आठवड्यात त्यानं ट्रॅक्टरवर टिनाचे पत्रे आणले. विहिरीजवळ शोषखड्डा खणला, खाली पक्कं भांडं बसवलं, चारी बाजूंनी पत्रे ठोकले, आतून कडी लावली, शेजारी पाण्याचा ड्रम ठेवला. गावातले लोक येता-जाता थांबायचे. "वावरात संडास?" असं विचारून हसायचे. दादा म्हणायचा, "हो." आणि पुन्हा ठोकायला लागायचा.

दिवाळीनंतर वैनीची लघवी पुन्हा तपासायची होती. डॉक्टरांच्या लॅबनं तपासलीच, पण मीही माझ्यासाठी एक प्लेट लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. प्लेट कोरी होती. उलटी करून बघितली, उजेडात धरून बघितली. एक ठिपकाही नव्हता. ज्या घरात काय उगवलं आणि किती उगवलं याचीच चर्चा असते, त्या घरच्या मुलीला काहीच न उगवल्याचा एवढा आनंद व्हावा, याचं मला हसू आलं. मी फोनवर सांगितलं, "वैनी, काई उगवलं नाई."

"एकदम साफ?"

"एकदम साफ."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग ती म्हणाली, "बरं. ठेवते. बाया आल्या वेचाले."

त्या बायांनीच खरी बाजी मारली. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे मजूर मिळणं किती कठीण असतं, ते सांगायला नको. वावरं पांढरी झालेली असतात आणि जो तो बायांच्या मागं फिरत असतो. त्या वर्षी आमच्या वावरात बोलावण्याआधीच बाया हजर. कडीची जागा आहे, पाणी आहे, हे एकीनं दुसरीला सांगितलं होतं. आमचा कापूस सगळ्यांच्या आधी घरात आला. शेजारच्या वावरवाल्यानं दादाला विचारलं की तू रोजी वाढवून देऊन राहिला का. दादानं फक्त विहिरीकडे बोट दाखवलं. त्या माणसानं महिनाभर कुरकुर केली, आणि मग त्याच्याही धुऱ्यावर पत्रे उभे राहिले. त्यानंतर आणखी एकाचे. पुढं पुढं आम्ही मोजायचं सोडून दिलं.

मे महिन्यात माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावाहून आलेले परीक्षक बुजुर्ग होते आणि कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी माझा प्रबंध मिटून बाजूला ठेवला आणि विचारलं, "हे केस तुम्ही स्वतः बघितलेत का?"

"नाही सर."

"मग आहेत कशावरून?"

मी म्हटलं, "दाखवते." पट्ट्या तयारच होत्या. एक थेंब फाटला, साखरेचा फाटला नाही. त्यांनी माझ्या हातून पट्टी घेतली आणि मला न विचारता दुसरा थेंब स्वतः मिसळला, स्वतः डोलवला. फाटला. तेव्हा ते खुर्चीवर मागं टेकले. "आता मला पटलं," ते म्हणाले, आणि पुढं बराच वेळ परीक्षा सोडून वैनीबद्दलच विचारत राहिले. मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण त्या खूश होत्या हे मला त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं.

बाहेर ऊन रणरणत होतं. कॉलेजच्या गेटजवळच्या कडुनिंबाखाली उभं राहून मी वैनीला फोन लावला. ती भुईमूग उपटायला बायांबरोबर वावरात होती.

"झाली परीक्षा," मी म्हटलं. "पास झाले. सरांनी स्वतः करून बघितलं."

"थांब, थांब. या बाया इचारून राहिल्या काय झालं म्हून." तिनं फोनचा आवाज मोठा केला. मग ती माझ्याशी बोलायची थांबली आणि त्यांच्याशीच बोलायला लागली.

"अवं, माही ननद पास झाली. कशात म्हंजे? जंतूत. आयका आता. थे जंतू लय बारीक असते, डोयाले दिसत नाई. त्याच्या अंगाले केसं असते. थ्या केसानं थे आपल्याले आतून धरते. साचवून ठेवलं का त्याले धराले येळ भेटते. धरलं का मंग सहजी सुटत नाई. म्हून पानी प्या अन् दाबून ठेवू नका. अन् जळजळ झाली तं धने-बिने करत बसू नका, डॉक्टरकडे जा, तपासून घ्या, अन् गोया पुऱ्या घ्या, अर्ध्या नाई."

एकीनं काहीतरी विचारलं. ते मला नीट ऐकू आलं नाही.

"दिसत नाई तं केसं हायेत कशावरून म्हंते?" वैनीचा आवाज आला. "मी पायलं हाये. लॅबमंदी. ये इकडे, सांगते तुले."

आणि ती सांगायला लागली. यीस्टचा थेंब, जंतूंचा थेंब, काचेची पट्टी, दाणे, साखर. एकही पायरी चुकली नाही. फोन चालू आहे हे ती विसरली होती. कडुनिंबाला टेकून, पूर्ण होईपर्यंत ऐकत राहिले.